बंबाचा पत्रा

मोडीच्या ढिगातून सुपडूअण्णांनी तो काढला,
कुणाच्या तरी न्हाणीतला बंब, बुडाला भोक पडलेला.
उभा चिरला, आणि ऐरणीवर लाकडी हातोड्यानं
दोन दिवस झोपवत राहिले.
"कितीसा सपाट लागतो तुला?"
मी म्हटलं, आरशासारखा.
"अमळनेरात आरसासुद्धा इतका सपाट मिळत नाही," म्हणाले,
आणि तिसऱ्या दिवशीही ठोकत बसले.

धुळ्याला, कॉलेजात, मेण वितळवायला शेगडी होती.
इथं मे महिना होता.
भर बारा वाजता पत्रा धाब्यावर मांडला,
मेण-राळेची गोळी वरून फिरवली,
ती तुपासारखी पसरली.
मग कंदिलाच्या काजळीवर धरून काळा केला
आणि सुईनं त्या काळ्यात
तांबूस रेघ उघडत गेले:
अण्णांचं दुकान. पायाच्या अंगठ्यानं दाबून धरलेली कळशी.
हातातली छिन्नी, जिनं या गल्लीतल्या
निम्म्या आहेरांवर नावं घातली.
टकटक काढता येत नाही,
म्हणून छिन्नीभोवती नुसत्याच बारीक रेघा ओढल्या, पुष्कळ.

फेरिकच्या टबात पत्रा बुडाला
तेव्हा अण्णा शेजारी उकिडवे बसले.
"मी ठोकतो तेव्हा रेघ पडते.
तुझं पाणी न ठोकताच खातंय की.
किती खाऊ द्यायचं?"
तेच तर शिकायला चार वर्षं गेली, अण्णा.
आभाळाला दोन मिनिटं. उंबऱ्याला दहा.
जिथं पुरे झालं तिथं लाखेनं तोंड बंद करायचं
आणि उरलेल्याला परत पाण्यात सोडायचं.
तुमच्या भुवयांना वीस लागली.

दाबायला यंत्र नव्हतं.
उखाभाऊच्या रसवंतीचा जुना चरक होता,
दोन लाटा, एक दात तुटलेलं चाक.
मध्ये फळी सरकवली, वर घोंगडी.
कागद ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे,
नाहीतर शाई पुसेपर्यंत पापड व्हायचा त्यांचा.
उखाभाऊनं चाक फिरवलं,
सवयीनं खाली ग्लास धरला,
आणि स्वतःच हसत सुटला.

पहिला ठसा उचलला.
सगळं होतं. उंबरा, भुवया, रेघांतली टकटकसुद्धा.
फक्त कळशीवरचं नाव उलटं.
चार वर्षं शिकून मी नेमकं तेच विसरले होते.
"आते हाई काय व्हयनं?" अण्णा म्हणाले.
कळशी त्यांच्या घरची. नाव कोकिळाकाकूंचं.
बराच वेळ त्यांनी कागद तिरका करून पाहिला.
"मी सरळ घातलेलं एका घरात राहिलं.
हे किती घरांत जाईल?"
तीस. फार तर चाळीस.
"मंग ऱ्हाऊ दे उलटंच.
जेले वाचानं व्हई तो आरसा लई ई."

पन्नास रुपयाला एक.
पारोळ्याच्या एसटी कॅन्टीनमध्ये गल्ल्यावर आहे.
दोंडाईच्याच्या नर्सबाईंनी दोन हप्त्यांत घेतला.
शिरपूरच्या जिनातल्या मुनीमांनी विचारलं,
खरं चित्र कुठाय?
म्हटलं, हेच.
आणि कॅन्टीनमधलं?
तेही.
त्यांना ते पटलं नाही, पण पैसे दिले.
सतराव्या ठशाला मुंग्या लागल्या,
चरकात रस कुठंतरी मुरलेलाच होता.
तो मी कुणाला दिला नाही.

चौतिसाव्याला आभाळ गेलं.
रेघा झिजल्या होत्या, छिन्नीभोवतीच्या आधी.
रीत अशी की मग पत्र्यावर आडवी फुली मारायची,
म्हणजे पुन्हा कुणी काढू नये.
मी सुई घेतली.
अण्णांनी पत्रा घेतला.

आता तो त्यांच्या ओसरीत, रांजणावर झाकण आहे.
पाणी काढताना कोकिळाकाकू रोज उचलतात.
तांब्यावर नाव सरळच आहे, तिथं ते नीट वाचता येतं.
परवा मला अडवून विचारलं,
कोणी घातलंय गं हे?
अक्षर बघ कसं, कावळ्याच्या पायासारखं.